हाताच्या मापाचं चाक

न्हाई न्हाई, उशी न्हाई. उशीचं नाव काढू नका, मिस्त्री. ती ठेवा तिकडं भिंतीजवळ — आणखी लांब — हां. पाठीला उशी घ्या, बाईमाणसानं तसंच बसावं, हे सांगायला तुमाला नांदेडाहून बोलावलं न्हाई. व्हय, बोलावलं उत्तमभावजींनी, ठाऊक हाय मला. धाकटे दीर माझे. निरोप्याला ओसरीवर निरोप देत होते तवा मी दाराआडच होते. 'गाडी वर्षभर गोठ्यात उभी हाय, चालू करून द्या, वसमतचे पुनमचंदशेठ पाहायला येणार हायेत, घेतील' — असाच होता ना? बराबर. चालू करायची ती करा. पण आदी माझं काम. आदी हे इष्टेरिंगचं चाक माझ्याकडं आणा. चार बोटं — न्हाई, चार बोटांनी न्हाई भागायचं. थांबा, मी बसते, तुमीच पाहा.

हे पाहा. सीट पुढं घेऊन झालं, शेवटच्या दातापर्यंत. पाय पोचतात, तिन्ही पायट्यांना पोचतात. पण हात? हात असे काठीवानी ताणले तवा कुठं बोटं लागतात, आन् तीबी पाठ सीट सोडून पुढं आल्यावर. असं बसून गाडी हाकायची म्हंजे झाडाला लोंबकळून आंबे वेचायचे. — हसू नका. चाकाच्या मागं दांड्यावर ती पोलादी पट्टी दिसते ना? तिचा बोल्ट सैल केला की चाक आतबाहेर सरकतं. मला कसं ठाऊक? अहो, मालकांनी ही गाडी लढाईच्या आदल्या साली हिंगोलीहून आणली, रेल्वेचा एक गोरा इंजिनेर विलायतेला निघाला त्याच्याकडून — दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, गावातली लेकरं तिला टोळ म्हणायची — आन् आणली त्याच दिवशी मालकांनी धोतराचा काचा मारून तो बोल्ट सैल केला, चाक पार पुढं ढकललं, आन् पुन्हा असा आवळला की कपाळाची शीर फुगली. मी कंदील पुसत उभी होते. त्यांचे हात लांब. पंगतीत बसले तर शेजारच्याच्या पानातलं लोणचं घेतील इतके लांब. तवापासून तो बोल्ट कोणी हलवला न्हाई. गंजला असंल, म्हणून सकाळपासून दोनदा मिट्टीचं तेल सोडलंय मी त्याच्यावर. वास येऊन राहिला न्हाई का?

मला शिकवली कोणी? त्यांनीच की. दुसरं कोण शिकवतंय? सुगी झाल्यावर, रिकाम्या खळ्यावर, कडब्याच्या गंजीभवती चकरा मारायला लावायचे. सासूबाई तवा होत्या. त्या आठ दिवस जेवल्या न्हाईत माझ्या हातचं. मालक म्हणाले, जेवतील नवव्या दिवशी. आन् जेवल्या! तसे ते — काय सांगू — त्यांच्यावानी माणूस ह्या पंचक्रोशीत न्हाई झाला. बायकोला गाडी शिकवणारा दाखवा एक. न्हाई ना? 'कोपर वाकलेलं राहू दे,' म्हणायचे, 'सरळ हातानं चाक वळत न्हाई, माणूसच वळतो.' मी म्हणलं, मंग चाक इकडं घ्या की जरा. म्हणाले, घेऊ, दोन मिनिटाचं तर काम हाय. मंग पेरणी आली. मंग लढाई आली, पेट्रोलची तकलीफ आली, गाडी महिन्यातून एकदा निघायची. दर वेळी मी म्हणायची आन् दर वेळी ते — 'उद्या.' सहा वर्षं उद्या. आन् मंग एक दिवस घरातून ती उशी आणून दिली पाठीला. मला वाटलं, केवढं माणसाचं ध्यान! खोळ शिवली मी तिला. वर मोर काढला.

काहून न्हाई घेतलं चाक जवळ? मी लई विचार केलाय त्याचा, मिस्त्री, वर्षभर कोपऱ्यात बसून दुसरं कामच काय होतं. घेतलं असतं तर त्यांना बसताना पुन्हा ढकलावं लागलं असतं. आन् — हे मी कोणाला बोलले न्हाई — गाडीत माझी खूण राहिली असती. कोणीबी पाहिलं असतं, की इथं बाई बसते. चालव म्हणणं सोपं हाय. आपली जागा हलवायची म्हणलं की बोल्ट गंजतो.

निघत न्हाई? हातोडी घ्या. हाणा. — तुमी भावजींना भेऊन राहिले, मला दिसतंय. भिऊ नका. गाडी मालकांची, आन् मालकांच्या मागं माझी. भावजी म्हणतात, घरात लायसनवालं माणूस न्हाई, मंग गाडी ठेवून काय कोंबड्या बसवायच्या तिच्यात? खरं हाय. म्हणून तर आज घाई. आज दुपारी परभणीचा लायसनवाला साहेब वसमतला येऊन राहिला. मैदानात दगड मांडतो आन् त्यांच्यामधून गाडी वळवायला लावतो, सुलटी आन् उलटी. मी अर्ज केलाय. उर्दूत, मास्तराकडून लिहून घेतला — 'चंद्रभागाबाई, बेवा संपतराव', म्हंजे संपतरावांची विधवा — मास्तरानं दोनदा विचारलं, लायसन कोणाच्या नावानं? मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तवा म्हणलं, तुमच्या नावानं काढते, तुमी येता का चालवायला? मंग लिहिलं.

काय? — त्या पत्र्याला पोचा आलाय तो? तो त्याच दिवसाचा. मालकांना मी दवाखान्यात नेत होते त्या दिवसाचा. तुमाला कळलं असंलच नांदेडाला, जगाला कळलंय. शेळी आडवी आली. ओढ्याच्या वळणावर शेळी आली आन् तिला वाचवायला गेले तर गाडी रानात उतरली. — कोणत्या बाजूनं? डावीकडून. न्हाई — उजवीकडून आली. डावीकडं तर ओढा हाय, तिकडून कशी — तुमी काहून विचारता? तुमी मिस्त्री हाय का पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब? पाना चालवा तुमचा!

…

काय पाहून राहिले? पाना घ्या हातात.

शेळी नव्हती. झालं समाधान? नव्हती शेळी. चैताचा महिना, सकाळची वेळ, मालकांच्या छातीत कळ आली, घामानं अंगरखा भिजला. भावजी गावाला गेलेले. छकडा जुंपला असता तर वसमतला दुपार झाली असती. मी म्हणलं, बसा. बसले. बराबर चालवली मी, चांगली चालवली, विचारा कोणालाबी. ओढ्यापाशी ते वळण हाय, दोन बाभळींचं. चाक वळवायला गेले आन् पाठीची उशी घसरली. खाली गेली. मी मागं पडले, हात सुटे, बोटांची टोकं तेवढी चाकाला — आन् सरळ हातानं चाक वळत न्हाई. गाडी सरळ गेली. काळ्या रानात, अर्धं चाक मातीत. मल्हारी धनगर तिथं माळावर शेळ्या चारत होता, तो पळत आला, त्याची बायको मंजुळा आली, दोघांनी खांदा लावला, ढेकळं उकरली हातानं. अर्धा तास गेला. मालक बसून होते, छातीवर हात धरून. एकदाच त्या चाकाकडं पाहिलं आन् म्हणाले, 'ते राहिलंच.' बस. मला राग आला, मिस्त्री. मरणाऱ्या माणसाचा राग आला मला. सांजेला दवाखान्यातच त्यांचा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, बाई, अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता. भले माणूस होते. पण मी काय करू त्या अर्ध्या तासाचं?

आन् भावजी आले, व्हरांड्यातच विचारलं, गाडी रस्ता सोडून गेलीच कशी? चार माणसं उभी होती. वळवता आली न्हाई म्हणलं असतं तर म्हणाले असते, बाईच्या हातात दिली, बाईनं मारला. उशी म्हणलं असतं तर — तर मालकांचं उणं निघालं असतं, ते तर आत पांढऱ्या चादरीखाली. माझ्या तोंडून निघालं, शेळी. भावजी म्हणाले, मल्हारीची? मी मान हलवली. खांदा लावलेल्या माणसाची शेळी! भावजींनी त्याचं शेळ्यांचं वाडगं मोडलं, खोपीसकट काट्याकुपाट्या पेटवून दिल्या, म्हणाले, आमच्या माळावर पुन्हा दिसू नको. आन् मल्हारी? त्याला तर ठाऊक होतं ना सगळं, तो तिथंच होता! हात जोडून म्हणाला, 'बाई म्हणतात तर असंल.' मंजुळाबाई मागल्या दारानं आली माझ्याकडं. पाचव्या दिवशी. मी भिंतीकडं तोंड करून बसलेली. म्हणाली, 'कोणती होती ती शेळी, बाई? सांगा. तिला देऊन टाकतो खाटकाला, बाकीच्यांना राहू द्या माळावर.' मिस्त्री, मी तिला म्हणू शकले असते, शेळीच नव्हती. दोनच शब्द. मी म्हणलं — काळी.

दिली त्यांनी काळी. तरी भावजींनी ठेवलं न्हाई त्यांना. सेनगावकडं गेले म्हणतात, पोरासोरांसकट.

हललं! हललं, मला आवाज आला! ओढा आता. दमानं — आणखी. आणखी. छातीत घुसू द्या, चालंल मला. थांबा. हात ठेवू द्या. … हां. कोपर — पाहा, कोपर वाकलंय. पाठ सीटला हाय आन् कोपर वाकलंय. असं असतं व्हय हे? एवढंच असतं? … काही न्हाई, तेल गेलं डोळ्यात. आवळा. मालकांनी आवळला होता तसा आवळा, पाय लावून. आन् बोल्टाचं डोकं कानशीनं घासून गोल करा, कोणाचा पाना लागायला नको. व्हय, मी सांगते म्हणून करा. पुनमचंदशेठचं पोट मावलं पायजे का मंग? त्यांना पोट घेऊन दुसरी गाडी पाहू द्या.

आले का? छकड्याच्या घुंगरांचा आवाज हाय तो. भावजी आन् शेठ. येऊ द्या. राहू द्या कानस, हँडल घ्या. मारा. — जोरात. — आणखी एकदा. … लागली! ऐकलं? वर्षभर उपाशी होती तरी लागली.

या, भावजी. रामराम, शेठजी. न्हाई, गाडी विकायची न्हाई. भावजी, पुढं उभे राहू नका, गोठ्याला दुसरं दार न्हाई. ओरडू नका, मला ऐकू येतंय. तुमीच ऐका, शेठजींच्या समोर सांगते, म्हंजे पुन्हा फिरवता येणार न्हाई मला — त्या दिवशी शेळी आडवी आली न्हाई. कोणाचीच न्हाई. मी खोटं बोलले. चाक माझ्या हाताला पोचत नव्हतं, माझ्याच्यानं वळलं न्हाई, आन् मी मल्हारीचं घर जाळलं. तुमी काडी लावली, पण आगपेटी माझी. म्हणा आता काय म्हणायचं ते. बाईनं मारला म्हणा. गावभर म्हणा. वसमतहून आल्यावर मी सेनगावला जाणार हाय, त्यांना परत आणायला, आन् ते आले की माळावर राहतील. माझ्या हिश्श्याच्या.

मिस्त्री, तुमाला लायसन हाय ना? मंग उभे काय, बसा बाजूला. हत्यारं पायापाशी ठेवा. आन् वळणावर हात पुढं करू नका माझ्या चाकाला. बोलूबी नका. — भावजी, सरका.