शेऱ्याचा रकाना

“हॅलो?… हो, मीच बोलतेय. पत्राचं उत्तर तू पत्राने देणार नाहीस, हे वाटलंच होतं मला… तब्येत राहू दे. आधी ऐक. तुझ्याच दप्तरखान्याचं वाक्य आहे, संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात. ‘आता प्रत्येक नागरिकाला आपल्या पूर्वजांच्या नोंदी घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येतील.’ तूच लिहिलंस ना?… समितीने. बरं. समितीला हस्ताक्षर नसतं, हा तिचा मोठाच गुण.”

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. तेहतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसासमोर सरकारी वाक्य आलं, की त्याला ते वाचण्याआधी उसवावंसं वाटतं. पलीकडे होता तो दप्तरखान्याचा प्रमुख, त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याला सगळे टाचण म्हणत. परीक्षेच्या तोंडावर त्याच्यापाशी सगळ्यांच्या वह्यांवरून केलेली टाचणं असत, फक्त स्वतःची वही नसे.

“घरबसल्या म्हणतोस, तर घरीच बसले. नाव टाकलं. सतरा नोंदी सापडल्या, एवढं तुझ्या यंत्राने विनामूल्य सांगितलं. एक उघडायला गेले तर म्हणे, महिन्याची वर्गणी भरा… हो, हो… कळलं, कंपनीशी करार आहे. कागद लोकांचे, खर्च लोकांचा, आणि छायाचित्रं कंपनीची… अरे, ऐक तर. वाचनालयातली सोय सांगू नकोस मला. चार मंगळवार तिथेच होते मी.”

सोय होती, हे खोटं नव्हतं. ती कुठे लिहिलेली नव्हती, इतकंच. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी पुस्तकावर शिक्का मारता मारता, चोरून सांगावं तसं सांगितलं होतं, की खिडकीशी असलेल्या एका संगणकावर हीच सगळी पानं फुकट उघडतात. मंगळवारी, अकरा ते एक, माणशी एक तास. वहीत नाव लिहायचं, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे. बाईंनी पहिल्या दोन मंगळवारी सतराच्या सतरा नोंदी पाहून टाकल्या. हवी ती त्यांत नव्हती. तिसऱ्या मंगळवारी शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त पोस्टमन हळूच म्हणाले, की बालकाश्रमातली मुलं मुलांच्या नावाने शोधायची नसतात, अधीक्षकांच्या नावाने शोधायची. हे गृहस्थ अनोळखी लोकांची माणसं शोधून देत, मोबदला घेत नसत. चाळीस वर्षं पत्रं वाटल्यावर ‘पत्ता सापडत नाही’ हे त्यांना सोसत नसे.

“अधीक्षकांच्या नावाने का, ते ठाऊक आहे तुला?… नाही ना? मग शिकून घे. तुमच्या यंत्राला वडिलांचा रकाना मोकळा चालत नव्हता. टंकलेखकांनी काय करावं बिचाऱ्यांनी? अधीक्षकांचं नाव घातलं. त्या सद्गृहस्थांना आज तुझ्या दप्तरात दोनशे चौदा मुलं आहेत. जन्मभर अविवाहित होते रे ते… हसतोस काय. त्या दोनशे चौदांत माझी मावशी आहे.”

हे शेवटचं त्या हलक्या आवाजात बोलल्या. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि पलंगावर आई जागी होती.

आई आता शहाऐंशी वर्षांची. नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. वडील त्याआधीच कुठे निघून गेले होते. मामांनी घरात एकच मुलगी ठेवून घेईन म्हटलं, कामाला उपयोगी पडेल ती. तेव्हा तीन वर्षांच्या चिमीचा हात धरून थोरलीनेच तिला बालकाश्रमात पोहोचवलं. फाटकापाशी चिमी रडायला लागली, तर हिने सांगितलं, रविवारी येते. मामांनी त्या रविवारी सोडलं नाही, पुढच्याही नाही. ती स्वतःच्या पायांनी जाऊ शकली तोवर आश्रम बंद झाला होता. हे तिने लेकीला सांगितलं ते गेल्या वर्षी, आणि एकदाच. तेव्हापासून ती रोज एवढंच विचारी, मिळाली का.

“मला वंशवृक्ष छापायचा नाही, बाळा. जन्मतारीख नको, कुळ नको. आश्रमाच्या वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. मुलाला कुणी नेलं, कुठे नेलं, का तिथेच गेलं. एक ओळ असते. ती ओळ आईला वाचून दाखवायची आहे… हो, वहीच्या सुरुवातीला यादी आहे, त्यात नाव आहे. पान अठ्ठ्याऐंशी. आता तू तुझ्या यंत्रावर ती वही काढ… काढ ना, मी थांबते… सत्त्याऐंशी दिसलं? पुढचं पान घे. वरच्या कोपऱ्यात कारकुनाने आकडा घातलाय, तो वाच… मोठ्याने वाच.”

पलीकडे आकडा वाचला गेला असावा. बाईंनी डोळे मिटून मान हलवली, जशी तोंडी परीक्षेत हलवत.

“नव्वद. सत्त्याऐंशीनंतर एकदम नव्वद. तुमच्या छायाचित्रांचे क्रमांक मात्र सलग, कुठे म्हणून खंड नाही… अरे, पान फाटलेलं नाहीये ते. सत्त्याऐंशीच्या कडेला नीट बघ. खालच्या पानाची कड केसभर बाहेर आलीये. ओलीने चिकटलीत दोन पानं, आणि माझी मावशी मधे आहे… त्याबद्दल मी भांडत नाही. ओलीने चिकटलेलं सुटतं. मी येते. तू फक्त वही टेबलावर ठेव, टीपकागद दे, एक बोथट पट्टी दे, आणि दिवसभर मला कुणी चहा विचारू नका. मूळ कागद बघायला फी नाही, हा नियम अजून आहे ना?… आहे. मग कधी येऊ?”

बाईंनी टेबलावरचं पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“दुरुस्तीला गेलीय?… कुठल्या विभागात?… तो विभाग? तिथल्या बाई माझ्याबरोबर निवृत्त झाल्या, आणि त्यांच्याबरोबर विभागही… मग गोदामात असेल… गोदाम रिकामं केलं. बरं. आणि त्यातल्या वह्या?… अरे, बोल ना. वर्गात उत्तर येत नसलं की असाच पंख्याकडे बघायचास तू.”

आतून आईने विचारलं, मिळाली का गं. बाईंनी फोनवर तळहात ठेवला, “विचारतेय, आई,” म्हणाल्या आणि हात काढला.

पलीकडचा आवाज आता अडखळत नव्हता. पाठ केलेलं बोलावं तसा तो एका लयीत बोलत राहिला, आणि बाईंनी त्याला मधे एकदाही तोडलं नाही. तेहतीस वर्षं प्रत्येक वर्गाच्या पहिल्या तासाला त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, की नक्कल केली म्हणून अस्सल टाकायचं नसतं. त्या तासाला तो हजर होता. हजेरी त्यांनीच घेतली होती.

“पुन्हा सांग. हळू. लिहून घेतेय मी… नाही, वर्तमानपत्रासाठी नाही. तुझी नोकरी घेऊन मी काय करू? आईसाठी हवंय. तिच्या बहिणीच्या नावापुढे शेऱ्याचा रकाना मोकळा आहे, आणि मोकळा रकाना तुमच्या यंत्राला चालत नाही, मग आईला कसा चालेल… हं… ‘सोडवायला’… पुढे?… ‘धरून मोजली’, का ‘धरली’?… बरं… आणि सही?… एकदा वाचून दाखवते, चुकलं असेल तर… ठेवू नकोस. मी वाचते आहे ना अजून… हॅलो?… हॅलो?”

फोन बंद झाला होता. बाईंनी पाकिटावरचा मजकूर पहिल्यापासून तपासला, एका ठिकाणी राहिलेली वेलांटी दिली, आणि आतल्या खोलीत गेल्या. आई उशीला टेकून बसली होती. काय लिहिलंय ते वाच, म्हणाली, जसं असेल तसं. इतिहासाच्या साधनात आपला शब्द घालण्याची बाईंना सवय नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पलंगाच्या कडेला बसल्या आणि वाचलं:

“चिकटलेली पानं सोडवायला वेळ लागला असता, आणि उद्घाटनाची तारीख ठरली होती. दोन पानं एक धरून मोजली. आत कुणाची नावं आहेत ते मी पाहिलं नाही. मूळ वह्या लगदा करायला पाठवल्या, त्या आदेशावर सही माझी आहे.”