काका, कुठे अडलात?

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, कुठे अडलात?' अहो, अडलात काय अडलात! तुम्हाला सांगतो, उभा जन्म औषधांच्या दुकानात गेला माझा, डॉक्टरांनी मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं लिहिलेलं मी एका नजरेत वाचायचो, आणि मला म्हणे वेबसाइट वाचता येत नाही! पण तसं मीच सांगितलं होतं ना. मग आता तक्रार तरी कुणाकडे करायची?

झालं काय, आमची ही गेली. गेल्या हिवाळ्यात. बँकेतलं खातं दोघांचं, त्यात पहिलं नाव तिचं, ते काढायचं होतं. लेक माझी सरकारी कचेरीत, लोकांना पैशाअडक्याचं मार्गदर्शन करणारी वेबसाइट चालवतात तिथे. ती म्हणाली, "बाबा, सगळं आमच्या साइटवर आहे, वाचा आणि करून टाका." मी म्हटलं, बरं. पुढच्या रविवारी, "बाबा, केलंत?" मी म्हटलं, "कळत नाही गं." त्याच्या पुढच्या रविवारी, "कळत नाही गं." आता दुसरी एखादी पोरगी म्हणाली असती, म्हातारा चळला. पण ही पडली आईवर गेलेली! ताडकन उठली, "तुम्हाला कळत नाही म्हणजे साइटच चुकली. माणसाची गरज बघून नव्याने करायला हवी!"

आणि नेऊन बसवलं की हो मला कचेरीत! एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंतीला काच, काचेपलीकडे लेक आणि तिचे साहेब, कारण घरच्या माणसाने शेजारी बसायचं नाही असा तिथला नियम. माझ्याजवळ एक चुणचुणीत मुलगी, हातात रंगीत चिठ्ठ्या. "काका, मनात येईल ते मोठ्याने बोलायचं हं. परीक्षा तुमची नाही, साइटची आहे. तर समजा... तुमच्या पत्नीचं निधन झालंय." समजा! त्या बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "समजतो."

पान उघडलं. 'मयत सहखातेदाराचे नाव वगळणे.' वाचलं, सगळं कळलं, बोट बटणावर नेलं... आणि थांबलं. "काका, कुठे अडलात?" आता काय सांगू तिला? की बँकेचं पत्र अजून हिच्या नावाने येतं, पोस्टमन दारात उभा राहून हिच्या नावाने हाक मारतो, आणि या घरात तिला हाक मारणारा आता तेवढा एकच माणूस उरलाय? मी म्हटलं, "तो 'मयत' शब्द... जड जातो जरा." झालं! चिठ्ठी भिंतीवर आणि शब्द बाद.

पुन्हा बोलावलं. "काका, आता कुठे अडलात?" म्हटलं, बटण बारीक आहे. बटण मोठं केलं! मग म्हटलं, रंग डोळ्यांना खुपतो. रंग बदलला! मग म्हटलं, प्रश्न फार विचारता बुवा. निम्मे प्रश्न उडवले! साहेब तर काचेमागून बाहेर येऊन माझा हात हातात घेऊन, "काका, तुमच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं!" मी अडतोय आणि हे सुधारताहेत, मी अडतोय आणि हे सुधारताहेत... अहो, माझ्या आडमुठेपणावर एक अख्खी वेबसाइट उभी राहिली!

परवा लेक लॅपटॉप घेऊन घरी आली. "झालं, बाबा. बघा." वरच लिहिलेलं, 'तुमचं माणूस गेलं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. सावकाश करा.' मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" "मी," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. माणूस तिचंही गेलं होतं हो... मी आपला माझंच कुरवाळत बसलेलो. आणि खाली एकच बटण, 'बँकेला कळवा'. इतकं सोपं, इतकं सोपं की न कळण्याचं सोंग आणायला जागाच ठेवली नाही कार्टीने! "आता तरी कळतंय ना, बाबा? नाहीतर पुन्हा बदलू." मी म्हटलं, "कळतंय गं. सगळं कळतंय." आणि दाबलं. रडलो, दोघंही रडलो, चांगलं हमसून हमसून रडलो.

तर लगेच पडद्यावर प्रश्न, 'हे पान तुम्हाला उपयोगी पडलं का?' हो की नाही! आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं याला? शेजारी लेक, डोळे पुसत माझ्या बोटाकडे बघतेय, एवढी राबली पोरगी... काय करता! 'हो' म्हटलं.