रंगाखालचा पत्रा

घाटात नुकत्याच मोटारी सुरू झाल्या होत्या. रामनगरला चिंचेखाली बेळगावची मोटार उभी होती. पाय मोडलेल्या नवऱ्याला, म्हादूला, मागच्या हौद्यात बसवून रुक्मा पाणी आणायला गेली. परतताना मोटारीआडून मालक आणि ड्रायव्हर परशूचं बोलणं तिच्या कानी पडलं.

“गंज खरवडून नवा पत्रा ठोका म्हटलं व्हतं, धनी. तुमी वरनं नुसता रंग फासलासा.”

“दिसतंय काय कुणाला?”

“बोटानं दाबलं तरी हौद्याचा तळ आत जातोय. एखाद्या वळणावर माणसं खाली जातील.”

“बेळगावात बसवू की पत्रा. आज गाडी भरली हाय.”

“आज तुमची लेकबी येणार न्हवं?”

“तिला पुढं बसव. तुझ्याजवळ.”

रुक्मानं तांब्या खाली ठेवला. वळसा घालून ती मालकासमोर उभी राहिली.

“धनी, आमालाबी पुढंच बसवा.”

“पुढं जागा न्हाई, बाई.”

“मग तुमच्या लेकीला मागं बसवा. आमच्या ह्यांच्याजवळ.”

मालकानं वाकून त्या ताज्या रंगावर बोट दाबलं.

“परशू,” तो म्हणाला, “माणसं उतरव.”