एंजलच्या पिल्लांचं अंडं

कोळवणहून पौडकडे सुटलेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर फार्महाउसवाल्या उषावहिनी आणि गावात अंडी विकणाऱ्या चंद्राबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"वैनी, ऐन चातुर्मासात तुमच्यात रोज अंडं? तुमचं बंडोपंत सकाळीच माज्या दारात हुबं."

"आमच्यासाठी नाही हो! ह्यांच्या एंजल माशांची पिल्लं निघालीत. उकडलेल्या अंड्याचं पिवळं फडक्यातून पाण्यात पिळायचं, तेच त्यांचं जेवण."

"केवढी हायेत पिल्लं?"

"पापणीच्या केसाएवढी."

"आन त्येंना आख्खं अंडं?"

"छे, चिमूटभर पुरतं. जास्त पडलं तर पाणी नासतं, पिल्लं मरतात."

"मंग पंत अंड्यासंगं मीठ-तिखटाची पुडी कशाला मागत्यात?"

"तुमच्याकडे मागतात? मी मिरपुडीची डबी मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवलीय!"

"म्हंजे तुमाला ठावं हाय व्हय?"

"न कळायला काय झालं? मागच्या पडवीत स्टोव्ह पेटवतात. पांढरं गुपचूप खातात आणि माझी चाहूल लागली की तोंड पुसतात. मीही बघितलं नाही असं दाखवते. उकडलेलं अन्न टाकायचं म्हणजे पाप."

"आन पिवळं?"

"ते पिल्लांच्या संध्याकाळच्या जेवणाला वाटीत झाकून ठेवतात."

"संध्याकाळीबी चिमूटच लागनार. मंग बाकीचं?"

"पौड आलं वाटतं."

"पौड लई लांब हाय. बाकीचं पिवळं कुटं जातं, वैनी?"

"चंद्राबाई, उद्यापासून दोन अंडी देत जा. पिल्लं मोठी होतायत."