तुपातला शिरा

उमरग्याच्या दवाखान्यात मंजुषा नंबराची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर एक आई आपल्या वाळून गेलेल्या लेकीवर करवादत होती.

"मोबाईलमधल्या पोरी बघून उपाशी राहतीस, म्हणून चक्कर येती."

"तू वाढतीस तेवढं खाते, आई. पोट फुगतंय, जुलाब होत्यात. अंगीच लागंना."

"आन् पोलीस भरती? चार दिवसांवर आली की!"

मंजुषानं नजर हातातल्या चिठ्ठीवर खिळवली. तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन त्या मायलेकींकडे आले.

"अर्पिताला गहू सोसत नाही. आयुष्यभर बंद. ज्वारीची भाकरी चालेल."

"भाकरी तर म्याच बंद केली, डॉक्टर. पळायला ताकद यावी म्हणून वर्षभर पोळ्या, तुपातला शिरा..."

"आई, रडू नको ना."

"तू ताट सरकवायचीस गं, अन् म्या रट्टे देऊन चारलं."