सासूबाईंची अळंबीची जागा

...आणि वर हात केला हो त्यानं! तुम्हीच सांगा, ऑक्टोबरात साइमा तळ्याच्या पाण्यावर कोण कुणाला हात करतं? जुलैत ठीक आहे. जुलैत आमच्याकडे जमिनीवर शेजाऱ्याला ओळख न देणारा माणूससुद्धा होडीत बसला की दिसेल त्याला हात करतो, तो रिवाजच आहे. पण आता? सगळ्यांच्या होड्या ताडपत्रीखाली, बंदरातल्या कॉफीवाल्यानं फळ्या ठोकलेल्या, पेट्रोलच्या पंपाला कुलूप, सबंध तळ्यावर आम्ही दोघं नवराबायको, आणि मागे ही एक पांढरी होडी. मी संशयी माणूस नाही हं, बायकोला विचारा, आमच्या आइलाला. पण मी वेग कमी केला की तोही कमी करतो, मी थांबलो की तोही थांबतो, याला काय म्हणायचं?

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझ्याकडे सासूबाईंची जागा होती. अळंबीची जागा! आमच्याकडे माणूस एक वेळ बँकेतली शिल्लक सांगेल, मूळव्याध सांगेल, पण अळंबी कुठे उगवते ते मरताना पोटच्या पोराला सांगायलासुद्धा कां कूं करतो. जंगल कुणाचंही असो, अळंबी ज्याला सापडेल त्याची, त्यामुळे जागा एकदा फुटली की संपलंच. माझं लग्न होऊन केस पिकले, सासरे वारले, सासूबाई दरवर्षी बादल्या भरून आणतात, मी हिवाळाभर सूप ओरपतो, पण जागा? नाव नको! यंदा त्यांचा गुडघा गेला. मग मला जवळ बोलावलं, रेडिओ मोठा केला आणि कानात सांगितलं, "चिंचोळ्या खाडीपलीकडे, दुभंगलेल्या खडकाचं बेट. आणि जावईबापू, कुणी मागावर आलं आणि जागा फुटली, तर मला तोंड दाखवू नका."

आता अशी जोखीम डोक्यावर, आणि मागे हा.

मी काय केलं, बेट डाव्या हाताला सोडून सरळ उत्तरेला. तो उत्तरेला. मी गर्रकन वळून लव्हाळ्यात शिरलो, इंजिन बंद. तो लव्हाळ्याबाहेर, इंजिन बंद! आइला विणत बसलेली. म्हणते, "अहो, पाऊस येतोय. घरी जाऊ या ना."

"घरी? अगं, माणूस मागावर आहे!"

"असेल हो. घरी जाऊ या."

आता इतक्या आणीबाणीत बायको इतकी थंड कशी? मी संशयी माणूस नाही, पण मनात आलंच.

मग मी ठरवलं, याला चकवायचाच. पाण्यातल्या लाल-हिरव्या खुणांची सुरक्षित वाट सोडली, दोन बेटांच्या मधून घातली होडी, आणि... खर्रर्र. खडकावर. पुढे नाही, मागे नाही. आणि आला की तो, सावकाश, दोर घेऊन! काउको म्हणून नाव सांगितलं. ओढून काढलं आम्हाला. आता उपकार केल्यावर कॉफी तरी द्यायला हवी. आइलानं थर्मास उघडला. मी हळूच त्याच्या होडीत डोकावलो. बादल्या! आणि टोकाला ब्रश असलेली, अळंबीची सुरी! वर बघतो तर तो आमच्या बादल्यांकडे बघतोय.

"सहज निघालात?" मी.

"सहज. तुम्ही?"

"सहजच. हवा बरी आहे."

"झकास," तो म्हणाला. गारा पडत होत्या.

मग कपात बघत म्हणतो, "मी आपला मागे थांबत होतो, म्हटलं तुम्ही जाल पुढे. हातसुद्धा केला. पण तुम्ही जाईचनात."

म्हणजे यालाही आपली जागा माझ्यापासून लपवायची होती; हा मला टाळत होता, आणि मी याला!

"मग आता व्हा पुढे," मी म्हटलं.

"छे छे, तुम्ही आधी."

"तुम्ही मोठे."

"तुमची होडी मोठी."

बसलो की समोरासमोर, नांगर टाकून! थर्मास संपला, आइलाचा मोजा संपला, बोटं निळी पडली, पण हलेल कोण? शेवटी दिवस कलला तेव्हा दोघंही बंदराकडे निघालो, शेजारी शेजारी, म्हणजे कुणी मधेच वळायला नको. बादल्या रिकाम्या.

घरी सासूबाई दारातच. "कुणी बघितलं?"

मी रिकाम्या बादल्या खाली ठेवल्या. म्हटलं, "एक जण होता, आई. पण मी बेटावर पाय ठेवला नाही. जागा शाबूत आहे."

"असायचीच," त्या म्हणाल्या. "त्या बेटावर काही उगवत नाही."

"अहो, मग..."

"खरी जागा पहिल्याच खेपेला सांगतात होय? माणूस आधी पारखायला नको?"

मी आइलाकडे पाहिलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी, खांदे हलतायत. तिला ठाऊक होतं हो सगळं! आता मात्र मी संशयी झालो. म्हटलं, "आई, एक विचारतो. बाबांना किती वर्षांनी सांगितलीत?"

सासूबाई एकदम गंभीर. डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावला.

"सांगणारच होते हो," म्हणाल्या. "म्हटलं, लग्नाला पन्नास वर्षं तरी होऊ देत. पण त्यांनाच धीर धरवला नाही."