भवानीचं गिऱ्हाईक

आई : भाव कशाला विचारलास?

क्वेन : विचारायला काय झालं? आवडलं तर घेऊ, नाही तर पुढच्या दुकानात बघू.

आई : पुढच्या दुकानात आता कशी जाशील? थ्वाची भवानी व्हायचीय अजून. पहिलंच गिऱ्हाईक भाव विचारून हात हलवत गेलं, की दुकानाचा अख्खा दिवस बसतो. म्हणून तर मी मघापासून समोरच्या लोणच्याच्या बरण्या बघत उभी होते. म्हटलं, आधी कुणीतरी काहीतरी घेऊ दे. तर तू सरळ आत.

थ्वा : असू दे हो, बिकताई. सैगॉनला राहून विसरली असेल पोर. नाही घेतलंत तर एक कागद पेटवीन, दारावरून ओवाळून टाकीन, झालं.

आई : माझ्या नावानं कागद पेटवणार तू? याच बाजारात जन्मभर ताडपानाच्या टोप्या विकल्या मी.

थ्वा : म्हणून तर म्हणते, घेऊनच जा.

क्वेन : म्हणजे अडकलो.

आई : अडकलो. आता नीट बघ तरी. पुतण्याच्या लग्नात घालायचाय, लांब झग्याचा आओ याय शिवायचाय. हा तपकिरी तागा, की हा जांभळा?

क्वेन : तुला आवडेल तो घे.

आई : तपकिरी मळखाऊ आहे. वयाला धरून आहे.

क्वेन : मग तो घे.

आई : पण हा जांभळा हाताला कसा लागतो बघ. थ्वा, टाक गं जरा खांद्यावर. आरसा इकडे कर. कसा दिसतो, क्वेन?

क्वेन : बरा आहे.

आई : बरा म्हणजे?

क्वेन : आई, दोन्ही चांगले आहेत. मला दुपारची गाडी आहे.

थ्वा : जांभळा घ्या, ताई. खुलून दिसता.

आई : तू म्हणणारच, तुला खपवायचाय. डोक्यावर टोपी ठेवली की मीही प्रत्येकीला हेच म्हणायचे. पण गिऱ्हाईक आपलं ऐकतंय कुठे? माल बघतं, आरसा बघतं, आणि ठरवायच्या वेळी सोबत आलेल्याचं तोंड बघतं.

थ्वा : आणि सोबतीचं तोंड फोनमध्ये.

क्वेन : ठेवला फोन. ठरव ना काय ते.

आई : तुझे बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात मोठी काकू म्हणाली होती, बिक अजून नटतेच. तू तिथंच होतीस.

क्वेन : होते.

आई : काही बोलली नाहीस.

क्वेन : मी काय बोलणार?

आई : तेही खरंच. थ्वा, तपकिरीच काप.

थ्वा : नक्की?

आई : नक्की. लाव कात्री, होऊ दे भवानी. पोरीची गाडी चुकायला नको.

(पुढच्या महिन्यातली सकाळ. क्वेन दुकानासमोर, बरण्यांपाशी उभी. छातीवर सुतकाची काळी फीत.)

थ्वा : कधीची उभी आहेस तिथं? ये आत.

क्वेन : तुमची भवानी होऊ दे, मावशी. पहिलं गिऱ्हाईक सुतकातलं नको.

थ्वा : झाली मघाशीच.

क्वेन : मघापासून मी इथंच आहे. कुणी आलं नाही.

थ्वा : अगदी आईवर गेलीस. ये म्हणते ना. बिकताईंच्या मुलीला बाहेर उभी करून चांगला जाणारा दिवस मला नको. बस. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपीवाल्या बायका सांगत आल्या, बिकताई झोपेतच गेल्या. मी म्हटलं, असं कसं, काल तर मी त्यांचं कापड कापलं.

क्वेन : मी सैगॉनला पोचलेसुद्धा नव्हते. वाटेत फोन आला, तशीच उलटी फिरले.

थ्वा : आणि तो तपकिरी?

क्वेन : पिशवीतच होता. घडी न मोडता शवपेटीत तिच्यासोबत ठेवला. मोठी काकू म्हणाली, शेवटी का होईना, वयाला शोभेलसं घेतलं.

थ्वा : आणि तू?

क्वेन : मी गप्प.

थ्वा : हं. आज काय दाखवू?

क्वेन : तो जांभळा.

थ्वा : तुझ्यासाठी?

क्वेन : आईला. उद्या तिच्या नावानं जाळायचाय, म्हणजे तिकडे तिला पोचेल.

थ्वा : अगं, त्यासाठी पलीकडे कागदाचे कपडे मिळतात. खरं कापड कुणी जाळतं का?

क्वेन : तिथूनच आले. त्यांच्याकडे जांभळाही आहे. पण दुकानदारीण म्हणाली, सगळे पूर्ण संच नेतात. कपडे, चपला, पर्स, घड्याळ. एकच वस्तू पाठवलीत तर आईला तिकडे काय वाटेल? मी हो हो म्हणत दोन पिशव्या भरल्या. मग त्या तशाच टाकून बाहेर पडले.

थ्वा : बरं सोडलं तिनं.

क्वेन : तिची भवानी झाली होती, म्हणून सुटले.

थ्वा : हा बघ. त्या दिवसापासून कुणी उलगडला नाही. किती कापू?

क्वेन : आईच्या मापाचा. पण आधी एक करा, मावशी. खांद्यावर टाका. तुमच्या. त्या दिवशी आरशापाशी तिनं धरला होता ना, तसा.

थ्वा : असा?

क्वेन : जरा उजेडाकडे वळा. हां.

थ्वा : बोल.

क्वेन : आई, जांभळा तुला शोभतो. हाच घे.